कापसाच्या खोलीतली वऱ्हाडीण

रिठद कुठे आहे हे मला माहीत नव्हतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती, कारण मी पुण्याची. पुण्यात बी.एड.ला प्रवेश मिळाला नाही म्हणून अमरावतीला आले होते आणि हॉस्टेलात आल्या दिवसापासून सगळ्यांचं मराठी फुकटात सुधारून देत होते. सुधारलं कुणाचंच नाही. उलट दिवाळीला घरी गेल्यावर मी आईला म्हणाले, "मले भूक लागून राह्यली," तेव्हा आईनं घाबरून वडिलांना हाक मारली.

तर रिठद. वाशीमहून रिसोडला जाताना लागणारं गाव. तेव्हा वाशीमचा जिल्हा झालेला नव्हता, अकोला जिल्ह्यातलाच तो एक तालुका. बहात्तरचा दुष्काळ सरून एक बरा पाऊस झाला होता आणि आमच्या खोलीतल्या रंजनाचं लग्न ठरलं होतं. परीक्षा उन्हाळ्यात, लग्न त्याआधी. "परीक्षा झाल्यावर कर की," असं मी म्हटलं तर म्हणाली, "प्रभाकरची बदली होऊन राह्यली, वसू. लग्न करतो, परत येतो, पेपर देतो." वऱ्हाडात बायकाही 'मी येतो, मी देतो' म्हणतात. हेही मी सुधारायला गेले होते.

लग्नाला तिनं खोलीतल्या तिघींना बोलावलं. मला, शोभाला आणि नलूला.

शोभा कारंज्याची. वडिलांचं कापडाचं दुकान, घर जैन. कांदा, लसूण, बटाटा नाही आणि दिवस मावळल्यावर पोटात काही नाही. मेसच्या बाई तिच्यासाठी वेगळं वरण करत आणि उजेड असतानाच तिला जेवायला वाढत. यात कुणालाही काही वावगं वाटत नसे.

नलू यवतमाळची. ती बोलताना तुमच्या डोळ्यांकडे न बघता कानाकडे बघायची. खांद्यावर हात ठेवला की चटका बसल्यासारखी बाजूला व्हायची. ताटात भाजी वरणाला लागली की जेवण संपलं. मेसमध्ये भांडं पडलं की दोन्ही कानांवर हात. "मी आलेच हं," म्हणून तुम्ही निघून गेलात की तुम्ही येईपर्यंत दारात उभी. आणि साडी कशी दिसते असं चुकूनही विचारलं, तर खरं सांगायची. आज याला स्वमग्नता म्हणतात. पुष्कळ वर्षांनी नलूनंच तो शब्द मला सांगितला, जरा उशिरा सापडलेल्या नातेवाइकाची ओळख करून द्यावी तसा. तेव्हा वर्गात शिष्ट, तऱ्हेवाईक आणि येडपट असे तीन शब्द चालू होते, जिच्या तिच्या साडीला ती काय म्हणाली असेल त्यावर अवलंबून. आम्ही मानसशास्त्राचं एवढं जाड पुस्तक पाठ करत होतो, पण त्यात नलू कुठल्याच प्रकरणात नव्हती.

तिला लग्नाला नेऊ नये असं वर्गाचं मत पडलं. शोभा वर्गाची मतं पोचवण्याचं काम करत असे.

"अगं, लाउडस्पीकर असणार, बँड असणार, एवढी माणसं," ती रंजनाला म्हणाली. "ही कानांवर हात ठेवून बसणार आणि लोक आपल्याला विचारणार."

"विचारलं तर सांगजो, तिले आवाज सहन होत नाई. तुले कांदा चालत नाई हे आमी सांगतोच ना सगळ्यायले?"

"तो माझा धर्म आहे."

"ते तिचे कान हायेत," रंजना म्हणाली.

शेवटचा शब्द शोभाचा नव्हता. असे प्रसंग फार येत नसत, म्हणून हा चांगला लक्षात आहे.

मग रंजनानं नलूला समोर बसवून सगळं लग्न आधीच सांगून टाकलं. घर कसं आहे, झोपायचं कुठे, कोण कोण अंगावर येऊन बोलेल, गाणी कधी वाजतील. शेवटी म्हणाली, "पण लग्न लागताना लाउडस्पीकर बंद राहीन. मी शब्द देतो."

नलूनं विचार केला. "बंद म्हणजे पूर्ण बंद?"

"पूर्ण."

"मग मी येते."

वाशीम

रंजना आधीच गावी गेली होती. आम्हा तिघींचा वाशीमपर्यंतचा प्रवास धूळ खाण्यात गेला, त्याचं वर्णन करत नाही. पळस मात्र सांगते. मंगरूळपीर सोडल्यावर दोन्ही बाजूंना काळं रान, ज्वारी काढून नेलेली, कापसाच्या पऱ्हाट्या वाळून उभ्या, आणि त्यात मध्येच एक झाड पानं टाकून नुसतं केशरी पेटलेलं. पुण्यात असलं झाड असतं तर त्याच्याभोवती कुंपण घालून पाटी लावली असती. इथे त्याला शेळ्या बांधल्या होत्या.

वाशीमच्या स्टँडवर आम्ही उतरलो. रिठदकडची गाडी कधी, असं मी चौकशीच्या खिडकीत विचारलं. आतले गृहस्थ पान जुळवत होते. "बस, पाच मिनिटात लागतेच."

पाच मिनिटांनी नलू खिडकीशी. "पाच मिनिटं झाली."

"येऊनच राह्यली, ताई."

"कुठून येतेय?"

गृहस्थांनी पान खाली ठेवलं. हा प्रश्न त्यांना नोकरीत कुणी विचारला नसावा. "खरं सांगू काय? मले मालूम नाई."

"मग तसं सांगा ना," नलू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, सूचना होती.

आणि त्या भल्या माणसानं खिडकीतून डोकं बाहेर काढून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं सांगितलं, "रिसोड गाडी कवा येईन ते मले मालूम नाई हो!" त्याबरोबर उन्हात ताटकळलेली माणसं उठली, बोचकी एकावर एक रचली आणि चहा प्यायला गेली. आम्हीही गेलो. चहा गुळाचा होता. नलूनं वास घेऊन परत दिला, शोभानं दोन्ही प्यायले.

रिठद

रंजनाच्या घरी पोचलो तर दारात तिचे बाबा. उंच, पांढरा सदरा, हात जोडून "जयभीम". छप्पन साली ऐन तारुण्यात ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते आणि घरातले देव त्यांनी त्याच आठवड्यात नदीत सोडले होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली धान्याची पोती, आणि उजव्या हाताची एक खोली दारापाशी कमरेइतकी आणि मागे पार छतापर्यंत नुसत्या कापसानं भरलेली.

"ह्या खोलीत तुमच्या त्या मैतरणीले ठेवू," रंजनाची आई म्हणाली. "रंजीनं सांगतलं हाय सगळं."

मी आत जाऊन पाहिलं. दार लोटलं आणि बाहेरचा कोलाहल कुणी गिळून टाकल्यासारखा नाहीसा झाला. उशीच्या पोटात शिरल्यासारखं वाटत होतं. नलू माझ्या मागून आली, कमरेपर्यंत कापसात रुतली आणि मोठ्यानं हसली. वर्षभर एका खोलीत राहून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

शोभाची अडचण वेगळी होती. तिच्या आईनं दशम्या आणि चटणीचा भला मोठा डबा बरोबर दिला होता, म्हणजे त्या घरी खायची वेळ येऊ नये. 'त्या घरी' याचा अर्थ कांद्यालसणाचं घर असा नव्हता आणि हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं. शोभानं पिशवीतून डबा काढला तेव्हा रंजनाच्या बाबांनी तो पाहिला. ते आत वळून बायकोला म्हणाले, "ह्या पोरीले दिवस बुडायच्या आंदी जेवाले लागते. पाट मांडा लवकर."

शोभा त्या पाटावर बसून आपल्या घरच्या दशम्या खाऊ लागली. डबा भला मोठा होता, तिनं एकच दशमी खाऊन तो बंद केला.

आम्हाला भाकरी आणि वांग्याची भाजी. भाजीवर तेलाचा लाल थर एवढा, की त्यात वांगी पोहत होती असं म्हणण्यापेक्षा ती वाचवायला कुणीतरी जायला हवं होतं असं म्हणेन. मी पुण्याच्या बाणेदारपणानं मोठा घास घेतला. त्यानंतर मी काय काय बोलले ते मला ठाऊक नाही. जे काही बाहेर आलं ते डोळ्यांतून.

नलूनं आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे भाकरी आणि वाटीत वेगळं दूध घेतलं होतं. पण घरात रंजनाची आत्या होती. आत्यांना पाहुण्याचं रिकामं ताट बघवत नसे. "पाहुनी नुसतं दूधच खाते काय वं?" म्हणून त्यांनी नलूच्या भाकरीवर डावभर भाजी ओतली. नलूनं ताट पुढे सरकवलं, उठली आणि कापसाच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

आत्या डाव हातात धरून बंद दाराकडे बघत राहिल्या. "हिच्या आंगात हाय काही," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. भावानं देव नदीत सोडले होते खरे, पण आत्यांनी त्यातला एखादा काठावर काढून घेतला असावा असा माझा संशय आहे.

सकाळी त्याचा प्रत्यय आला. मी दात घासून येते तो कापसाच्या खोलीपुढे शेजारची एक बाई पदर घेऊन बसलेली. तिची म्हैस गाभण राहत नव्हती.

"विचार, विचार तिले," आत्या तिला ढोसत होत्या.

"माय, मायी म्हैस कवा फळंन?"

नलू दारात उभी राहून बाईच्या कानाकडे बघत म्हणाली, "मला कसं कळणार? मी म्हैस पाहिलेली नाही."

"पाह्यलं!" आत्यांचा आवाज चढला. "म्हैस दाखवा म्हनते!"

पाच मिनिटांत नलूला मिरवत शेजारच्या गोठ्यात नेलं. मी मागे. म्हैस रवंथ करत होती. नलूनं तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. ती माणसांकडे असं कधी बघत नसे. मग हात पुढे करून तिच्या कपाळावर ठेवला आणि तिथेच राहू दिला. बायका श्वास रोखून.

"छान आहे," नलू म्हणाली. "गुरांच्या डॉक्टरांना दाखवा."

बाबा तिथे येऊन पोचले ते याच वेळी. बहिणीवर ते जे काही बोलले ते अस्सल वऱ्हाडी होतं आणि छापण्यासारखं नाही. सारांश असा की या घरात कुणाच्या अंगात येत नाही, आणि लग्नघरात दरबार भरवायचा असेल तर आत्यानं आपलं बिऱ्हाड गोठ्यात हलवावं. मग ते नलूकडे वळले आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "चाल बेटा. ह्या बायका येड्या हायेत."

"म्हैस चांगली आहे," नलू म्हणाली.

लग्न

लग्नाच्या दिवशी उजाडताच लाउडस्पीकरचा कर्णा लिंबावर चढला आणि गाणी सुरू झाली. मला आवाजाचा त्रास नाही, तरी पहिल्या गाण्यानंतर मी कापसाच्या खोलीचं दार हेव्यानं पाहिलं. नलू आत होती आणि तिला सगळं ठाऊक होतं: पाहुणे जमेपर्यंत गाणी, मग बंद, मग लग्न.

नवऱ्याकडची मंडळी दुपारी आली. प्रभाकर पोस्टात कारकून, शांत मुलगा. त्याचे मामा शांत नव्हते. मामांना भाषणाचा सोस होता. बौद्ध पद्धतीच्या लग्नांत विधी थोडे असतात. त्रिशरण, पंचशील, हार, फुलं, झालं. उरलेला वेळ वक्ते भरून काढतात. मामांनी आल्या आल्या माइक हातात घेऊन "हॅलो, हॅलो" केलं आणि तो सोडलाच नाही.

लग्नाची वेळ झाली तरी माइक चालूच. रंजनाच्या भावानं जाऊन बंद करायला सांगितलं, मामा हसले आणि त्याला मंडपाबाहेर उभं राहून आवाज कुठवर पोचतो ते बघायला पाठवलं.

आतल्या खोलीत रंजना पांढऱ्या साडीत तयार बसली होती. मी आणि शोभा तिच्याजवळ. आत्या बोलवायला आल्या. "चाल वं, सारे थांबून राह्यले."

"माइक बंद होऊ दे. मग येतो."

"काहून?"

"नलू भाएर यीन म्हनून. मी तिले शब्द देल्ला."

निरोप मंडपात गेला आणि परत आला तो मामांना घेऊन. ते दाराबाहेर उभे राहूनच बोलले, पण माइकची सवय असल्यानं सगळ्या गावानं ऐकलं. "एका येड्या पोट्टीसाठी माइक बंद? येवढी मान्सं आली, त्यायले ऐकू काय यीन? राहू द्या ना तिले आतमंदी! तिच्यावाचून लग्न अडलं काय?"

"अडलं हाय," आतून रंजना म्हणाली.

मला वाटलं, आता मोडतं. मंडपात कुजबूज वाढली होती. वरपक्षाच्या दोन बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. रंजनाची आई पदराचं टोक पिळत होती. मी रंजनाचा हात धरला. ती काही कुणी हट्टी मुलगी नव्हती. मेसमध्ये तिच्या वाटची पोळी कुणी उचलली तरी काही बोलत नसे.

बाबा आले. दारात मामांच्या समोर उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही.

"पाव्हणे," ते म्हणाले, "आमच्या बापजाद्यायले लोकायनं भाएर बसोलं. पंगतीच्या भाएर, शाळेच्या भाएर, हिरीच्या भाएर. कायले बसोलं, त्याचं कारन प्रत्येकापाशी होतं. आता माया दारात, माया पोरीच्या लग्नात, मी कोनाले आत कोंडून लग्न लावू? ते जमत नाई."

मामांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या मागून प्रभाकर येऊन उभा राहिला होता. डोक्याला फेटा, गळ्यात हार अजून नाही.

"मामा," तो म्हणाला, "तुमचा आवाज येवढा मोठा. तुमाले माइक पाहिजेच कायले? माइक तर बारक्या आवाजवाल्यायले लागते."

मामांनी भाच्याकडे पाहिलं. मग एकंदर मंडपाकडे. मग छाती थोडी पुढे आली. "तेबी खरं हाय," ते म्हणाले.

कर्ण्याचा आवाज तुटला. एवढी शांतता झाली की लिंबावरचे कावळे बुजले.

नलूला आणायला मी उठणार, तो शोभाच उठली. मी तिच्या मागे दारापर्यंत गेले. शोभानं दार ढकललं, आत पाऊल टाकलं आणि हात मागे बांधून उभी राहिली, कारण शोभा बोलताना हात लावल्याशिवाय राहू शकत नसे.

"नलू, लाउडस्पीकर बंद झालाय. पूर्ण. बाहेर खूप माणसं आहेत, बोलतायत. लग्न लागलं की बँड वाजेल. त्याच्या आधी मी तुला इथे परत आणणार."

"आधी म्हणजे?"

"तू खोलीत पोचल्याशिवाय ते वाजवणार नाहीत. मी बघते."

"नक्की?"

"नक्की."

नलू बाहेर आली. केसांत, पापण्यांवर, साडीभर कापूस. गर्दीनं वाट दिली आणि यावेळी तिच्याकडे बघून कुणी काही म्हटलं नाही, निदान मोठ्यानं नाही. रंजना आणि प्रभाकर पांढऱ्या वस्त्रांत, आणि ही त्यांच्याहून पांढरी. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं हिलाच हात जोडले.

पंचशील झालं, हार झाले. लोक फुलांच्या पाकळ्या टाकू लागले. नलूच्या हातातही कुणी मूठभर दिल्या होत्या. ओल्या पाकळ्या तिला आवडत नसाव्यात, ती मूठ अंगापासून लांब धरून उभी होती. मग ती सरळ पुढे चालत गेली, रंजनाचा हात उलटा केला आणि सगळ्या पाकळ्या तळहातावर ठेवून दिल्या.

"घे," ती म्हणाली.

स्वतःहून तिनं हात लावलेला मी तो पहिल्यांदा पाहिला. म्हैस धरून दुसऱ्यांदा. रंजना इतका वेळ पाषाणासारखी होती, ती तेव्हा रडली.

इकडे बँडवाल्याला धीर नव्हता. त्यानं क्लॅरिनेट तोंडाशी नेलं आणि खाली बघतो तर समोर शोभा, एक तळहात त्याच्या नाकापुढे. कापडदुकानात घासाघीस करणारी गिऱ्हाइकं परतवून लावण्याचा वारसा तिच्यात होता. नलू अंगण ओलांडून खोलीत गेली, दार लागलं, मग हात खाली आला आणि मग बँड फुटला.

मामांचं भाषण झालं. माइकशिवाय झालं. पहिल्या तीन रांगांना ऐकू गेलं, बाकीच्यांना नुसते हातवारे दिसले. त्यांचा घसा बसला आणि भाषण नेहमीच्या मानानं फारच लवकर आटोपलं, असं त्यांच्याच बायकोनं मला कानात सांगितलं.

पंगत बसली तेव्हा ऊन लिंबाच्या शेंड्यावर होतं. मी पत्रावळ पुढे ओढली तर शेजारी शोभा येऊन मांडी घालून बसली.

"डबा?" मी विचारलं.

"गप बस," ती म्हणाली आणि वाढणाऱ्या आत्यांना विचारलं, "आत्या, बिनकांद्याचं काय काय आहे?"

आत्यांनी सांगितलं. पुरी, वरण, बुंदी. वाढायला मात्र बाबा स्वतः आले. शोभाच्या पानात पुरी ठेवून म्हणाले, "दिवस हाय अजून. सावकाश जेव."

शिरपूर

परतताना शिरपूर जैनला थांबलो. शोभाच्या आईनं दर्शन घ्यायला सांगितलं होतं आणि एक आज्ञा मोडून झाल्यावर दुसरी पाळणं शोभाला भाग होतं. इथली पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा. लांबलांबून यात्रेकरू येतात. शोभानं बसमध्ये हे सांगितलं तेव्हा नलूनं एवढंच विचारलं, "बघता येतं?"

जुनं मंदिर, गार दगड, खाली उतरून जाणाऱ्या पायऱ्या, तुपाच्या दिव्यांचा वास. आम्ही हात जोडले. नलूनं हात जोडले नाहीत. ती फरशीवर आडवी झाली, सपाट, गाल दगडाला टेकवून, आणि तशीच राहिली.

मागे एक शेठाणी होत्या. त्यांचे डोळे भरून आले. "बघा," त्या सुनेला म्हणाल्या, "कॉलेजात शिकलेली दिसते, पण काय भक्ती! नाहीतर तुम्ही. नुसती मान हलवता."

नलू उठली, पदर झटकला. बाहेर येईपर्यंत शोभानं दम धरला. मग म्हणाली, "काय दिसलं?"

"अंधार आहे," नलू म्हणाली. "कळलं नाही."

शोभा पायरीवर बसून हसायला लागली, इतकी की मंदिरातल्या मुनीमजींनी बाहेर येऊन आम्हाला पाणी दिलं.

अमरावतीच्या गाडीत शोभानं बातमी सांगितली. तिचंही ठरलं होतं. मे महिन्यात, कारंज्याला. नलूकडे वळून तिनं सगळं नीट सांगितलं: बँड कधी, जेवण किती वाजता, दुकानाच्या मागे गठ्ठ्यांची खोली आहे, तिथे आवाज येत नाही, तिथे तुझी खाट टाकते. मला ऐकून भरून आलं. नलूनं सगळं ऐकून घेतलं.

"मी येणार नाही," ती म्हणाली.

"का गं?"

"मला लग्नं आवडत नाहीत. रंजनाचंही आवडलं नाही. रंजना आवडते म्हणून गेले."

"आणि मी?"

गाडी एका पुलावरून गेली. "तू आता थोडी आवडतेस," ती म्हणाली. "पण लग्नाला येण्याइतकी नाही."

रंजना सांगितल्याप्रमाणे परत आली, पेपर दिले, आमच्यात सगळ्यांत जास्त मार्क तिलाच पडले. नलू पुढे यवतमाळला मुलींच्या शाळेत लागली. परीक्षेत काय येणार नाही ते ती आधीच सांगून टाकायची, म्हणून मुलींना ती आवडायची आणि मुख्याध्यापिकेला नाही.

मे महिन्यात मी कारंज्याला गेले. शोभा दागिन्यांखाली दिसत नव्हती. रंजना आणि प्रभाकर मंडपात पुढच्याच ओळीत बसले होते आणि तिथून कुणी त्यांना उठवलं नाही, कारण शोभा बोहल्यावरून त्या ओळीवर नजर ठेवून होती. हार घालून झाल्यावर तिच्या आई मला बोहल्याच्याच एका बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमची ती चौथी मैत्रीण कशी नाही आली? आमची शोभा म्हणत होती, तिच्यासाठी मागची खोली रिकामी करा, मग म्हणाली नको. भांडण झालं का?"

मी काही बोलायच्या आत बोहल्यावरून आवाज आला. वाजंत्री चालू होती तरी स्पष्ट ऐकू आला.

"भांडण नाही झालं, आई. तिला यायचं नव्हतं. ती घरी आहे आणि मजेत आहे."